मातेकडून बालकाकडे : विषाणूची वाट आणि राज्यसंस्थेची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एखाद्या रोगाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. रोग हा डॉक्टरांचा विषय आणि राजकारण हा कार्यकर्त्यांचा, अशी वाटणी करून दोघेही आपापल्या जागी निश्चिंत राहतात. ही वाटणी किती घातक ठरू शकते हे विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. एच.आय.व्ही.बाधित मातांच्या पोटी जन्मणाऱ्या बालकांना लागण होणार की नाही, या प्रश्नाचे उत्तर तेथे प्रसूतिगृहात जितके ठरत होते तितकेच मंत्रालयात, न्यायालयात आणि कामगार संघटनांच्या सभांत ठरत होते. आणि ज्या सरकारने गरीब मातांना औषध देण्यास टाळाटाळ केली ते कोणा परकीय सत्तेचे सरकार नव्हते. वर्णद्वेषी राजवटीशी अनेक दशके झुंज देऊन, जनतेच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाचे ते सरकार होते. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने हे प्रकरण मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

विषाणूची वाट

प्रारंभ शास्त्रापासून केला पाहिजे. एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्या मातेचे मूल बाधितच जन्मते, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. कोणतेही औषध दिले नाही तर अशा शंभर मातांच्या मुलांपैकी स्थूलमानाने १५ ते ४५ मुलांना लागण होते. म्हणजे औषधाविनासुद्धा निम्म्याहून अधिक मुले सुटतात. योग्य औषध योग्य वेळी मिळाले तर हे प्रमाण स्तनपान करणाऱ्या मातांच्या मुलांतही ५ टक्क्यांच्या खाली येते, आणि जेथे स्तनपान सुरक्षितपणे टाळता येते तेथे २ टक्क्यांच्याही खाली जाते. ४५ आणि २ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते कशाने पडते, हाच आजचा प्रश्न आहे.

विषाणू मातेकडून बालकाकडे तीन टप्प्यांत जाऊ शकतो. गर्भावस्थेत शंभरांत सुमारे ५ ते १० मुलांना, प्रसूतीच्या वेळी १० ते १५ मुलांना आणि स्तनपानाच्या काळात ५ ते २० मुलांना लागण होते. या तिन्ही टप्प्यांवर सर्वांत निर्णायक ठरणारी बाब एकच आहे : मातेच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण. ते जितके अधिक, तितका धोका अधिक. ते औषधाने इतके खाली आणता येते की तपासणीत विषाणू आढळू नयेत, आणि मग मुलाचा धोका नगण्य होतो. ज्या स्त्रीला गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असतानाच नव्याने लागण होते, तिच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण सुरुवातीच्या आठवड्यांत फार मोठे असते. पहिल्या तपासणीत निर्दोष ठरलेली अशी स्त्री पुढे कोणाच्याच नजरेत राहत नाही, आणि तिच्या मुलाला असलेला धोका मात्र सर्वाधिक असतो. रोगाने जर्जर झालेल्या, शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-४ पेशी घटलेल्या मातेच्या बाबतीतही हेच घडते.

प्रसूतीच्या वेळी इतर कारणांची भर पडते. पाणमोट फुटल्यानंतर बाळंत होण्यास चार तासांहून अधिक वेळ गेला तर धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांचे मूल अधिक सहज बाधित होते. वारेचा दाह, लैंगिक संबंधातून होणारे इतर आजार, अनावश्यक छेद किंवा चिमट्याचा वापर, यांनी मातेचे रक्त आणि बालक यांचा संपर्क वाढतो. कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने प्रसूती केली तर औषध न मिळालेल्या मातांत हा धोका निम्म्यापर्यंत घटतो, असे १९९९ साली सिद्ध झाले. परंतु ज्या तालुक्यात रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही, तेथे शस्त्रक्रियेचा हा सल्ला मातेच्याच जिवावर बेतू शकतो. आज औषधाने विषाणू आटोक्यात असलेल्या मातेला केवळ या कारणासाठी शस्त्रक्रियेची गरज राहिलेली नाही.

स्तनपानाच्या टप्प्यात पाजण्याचा एकूण काळ, स्तनाग्रांना पडलेल्या चिरा, स्तनांत झालेल्या गाठी व पू, आणि बालकाच्या तोंडातील चट्टे या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. सर्वांत महत्त्वाची ठरते ती पाजण्याची पद्धती. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

ही सारी यादी शरीरशास्त्राची दिसते. पण तिच्यातील एकेका कारणापुढे उभे राहून ते कोणाच्या हातात आहे असे विचारले, तर यादीचे स्वरूप पालटते. विषाणूंचे प्रमाण औषधाने उतरते, आणि औषधाला किंमत असते. पाणमोट फुटल्यावर किती तास जातात हे गाडी केव्हा मिळते यावर अवलंबून असते. निर्धोक वरचे दूध हा नळाचा, सरपणाचा आणि मजुरीचा प्रश्न होतो. लागण मातेकडून बालकाला झाली, एवढेच वाक्य उच्चारून थांबणारा माणूस मातेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि पिता मात्र त्या वाक्यात कोठेच दिसत नाही. भारताच्या सरकारी कार्यक्रमाने आपल्या नावात ‘माता’ हा शब्द न घालता ‘पालकांकडून बालकाला’ अशी योजना केली, ती या दृष्टीने उचित होय. भारतातील बहुसंख्य विवाहित स्त्रियांना ही लागण पतीकडून झालेली असते, हे येथे विसरता कामा नये.

औषध आले, पण कोणासाठी?

मातेला औषध देऊन मूल वाचवता येते, हे प्रथम १९९४ साली अमेरिका व फ्रान्स येथील पाहणीने सिद्ध केले. झिडोव्ह्यूडिन, अर्थात ए.झेड.टी., हे औषध गरोदरपणात गोळ्यांच्या रूपाने दिवसातून पाच वेळा, प्रसूतीच्या वेळी शिरेवाटे आणि जन्मानंतर सहा आठवडे बालकाला पातळ औषधाच्या रूपाने दिले असता लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. श्रीमंत देशांनी ही पद्धत तत्काळ स्वीकारली. गरीब देशांना ती परवडणारी नव्हती. जेथे स्त्री प्रसूतीच्या दिवशीच पहिल्यांदा दवाखान्यात येते, तेथे ती राबवणेही दुरापास्त होते.

१९९९ साली युगांडाची राजधानी काम्पाला येथून वेगळीच वार्ता आली. नेव्हिरॅपिन या औषधाची एकच गोळी मातेला कळा सुरू होताना आणि एकच मात्रा बालकाला जन्मानंतर तीन दिवसांच्या आत दिली, तर चौदा ते सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत १३.१ टक्के मुलांना लागण झाली. तुलनेसाठी अल्पकाळ ए.झेड.टी. दिलेल्या गटात हेच प्रमाण २५.१ टक्के होते. एक गोळी आणि काही थेंब, एवढ्यावर जवळजवळ निम्मी मुले वाचत होती. हे औषध बनवणाऱ्या जर्मन कंपनीने जुलै २००० मध्ये ते विकसनशील देशांना या कामासाठी पाच वर्षे विनामूल्य देऊ केले.

दक्षिण आफ्रिकेला या औषधाची जेवढी निकड होती तेवढी क्वचितच कोणा देशाला असेल. १९९० साली तेथील सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या गरोदर स्त्रियांत बाधितांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. २००० साली ते २४.५ टक्क्यांवर गेले. चार गरोदर स्त्रियांपैकी एक स्त्री बाधित, असा त्याचा अर्थ. या आपत्तीचे बीज जुन्या राजवटीच्या अर्थव्यवस्थेत होते. सोन्याच्या आणि कोळशाच्या खाणींसाठी लक्षावधी पुरुषांना घरदार सोडायला लावून केवळ पुरुषांच्या वसतिगृहांत कोंडायचे, बायकामुलांना दूरच्या ओसाड प्रदेशात ठेवायचे आणि वर्षातून एकदा भेटू द्यायचे, ही पद्धत कित्येक दशके चालली. दरवर्षी सुमारे ७०,००० बालकांना मातेकडून लागण होत होती.

१९९८ साली केंद्रीय आरोग्य खात्याने गरोदर स्त्रियांना ए.झेड.टी. देणे परवडणार नाही, असे जाहीर केले. त्याच वर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, केपटाऊनमध्ये काही कार्यकर्त्यांनी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना स्थापन केली. तिचे अग्रणी झॅकी ॲखमत हे वर्णद्वेषविरोधी लढ्यातून आलेले होते आणि स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात सर्वांना औषध मिळेपर्यंत आपणही ते घेणार नाही, असा त्यांचा निश्चय होता.

अर्धसत्याचा मोह

सरकारची भूमिका केवळ पैशाची असती तर तिचा प्रतिवाद सोपा होता. परंतु अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी रोगाच्या कारणाविषयीच संशय उत्पन्न केला. जुलै २००० मध्ये डर्बन येथे भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत त्यांनी आपल्या भाषणाचा भर दारिद्र्यावर ठेवला. आफ्रिकेतील माणसे मरतात ती दारिद्र्याने, सर्वच दोष एका विषाणूच्या माथी मारता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच उद्घाटन समारंभात न्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा बोलला. त्याला जन्मतःच आईकडून लागण झाली होती. गरोदर मातांना औषध द्या, एवढीच त्याची मागणी होती. तो १ जून २००१ रोजी मृत्यू पावला.

समाजवाद्यांनी येथे थांबून अंतर्मुख व्हावे. दारिद्र्यामुळे रोग होतो, हे वाक्य समाजवादी व्यासपीठावरून शेकडो वेळा उच्चारले गेले आहे, आणि ते खोटे नाही. म्हणूनच त्या वाक्याच्या आडून जेव्हा औषध नाकारले जाते, तेव्हा डाव्या विचारांच्या माणसाला त्यातली फसगत लवकर कळत नाही. दारिद्र्य विषाणूला वाट मोकळी करून देते. ते विषाणूची जागा घेऊ शकत नाही. सकस आहार प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळालाच पाहिजे, पण आहाराने हे संक्रमण थांबत नाही. नव्वदीच्या दशकात अ जीवनसत्त्वाविषयी मोठी आशा होती. पाहण्यांअंती ती फोल ठरली, आणि टांझानियातील पाहणीत तर अ जीवनसत्त्व दिलेल्या गटात संक्रमण वाढलेले दिसले. एवढे होऊनही दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री मँटो त्शाबालाला-एम्सिमांग लसूण, लिंबू आणि बीट यांचे गुण गात राहिल्या. २००६ साली टोरांटोच्या परिषदेत त्या देशाच्या दालनात या वस्तू मांडलेल्या होत्या.

सरकारने २००१ साली नेव्हिरॅपिन दिले, पण प्रत्येक प्रांतात दोन याप्रमाणे केवळ १८ प्रायोगिक केंद्रांपुरते. त्या केंद्रांबाहेर सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला, औषध हाताशी असले आणि माता समोर असली तरी, ते देण्यास मनाई होती. खाजगी रुग्णालयात मात्र पैसे मोजणाऱ्या स्त्रीला तेच औषध खुशाल मिळत होते. वर्गीय विषमता याहून उघड्या स्वरूपात क्वचितच पाहायला मिळते.

सरकारचे आक्षेप सगळेच पोकळ होते, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. एका मात्रेने विषाणू औषधाला दाद देईनासा होईल, स्तनपानामुळे लाभ वाया जाईल, सल्ला देणारे प्रशिक्षित सेवक पुरेसे नाहीत, असे मुद्दे त्याने मांडले. त्यांतील पहिला मुद्दा पुढे बऱ्याच अंशी खरा ठरला. म्हणूनच एका मात्रेची पद्धत कालांतराने मागे पडली आणि तीन औषधांचा संयुक्त उपचार आला. परंतु अपुरे औषध अधिक चांगल्या औषधाने बदलायचे असते. ते तयार होईपर्यंत हजारो बालकांना काहीच देऊ नये, असा त्या आक्षेपातून निष्कर्ष निघत नाही.

सरकारच्या बाजूने आणि सरकारविरुद्ध

या लढ्यातील सर्वांत बोधप्रद भाग संघटनेच्या राजकीय विवेकाचा आहे. स्वस्त औषधे आयात करता यावीत म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली कायदा केला होता. त्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. तेव्हा ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन सरकारच्या बाजूने उभी राहिली, रस्त्यावर उतरली, न्यायालयात बाजू मांडली. जगभरच्या निषेधापुढे नमून कंपन्यांनी १९ एप्रिल २००१ रोजी दावा मागे घेतला. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, त्याच संघटनेने बालरोगतज्ज्ञांच्या साथीने त्याच सरकारविरुद्ध नेव्हिरॅपिनसाठी दावा गुदरला. जोवर सरकार मक्तेदार कंपन्यांशी लढत होते तोवर त्याला साथ, आणि गरीब मातेच्या आड येताच त्याला विरोध : यात विसंगती नव्हती, कारण दोन्ही वेळा कसोटी एकच होती.

सत्तारूढ आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या मित्रपक्षांत मोडणाऱ्या ‘कोसाटू’ या कामगार महासंघाने औषधाच्या मागणीला उघड पाठिंबा दिला. डर्बनचे बालरोगतज्ज्ञ प्रा. हूसेन कूवाडिया हे भारतीय वंशाचे. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले होते. तेही सरकारच्या अशास्त्रीय भूमिकेविरुद्ध स्पष्ट बोलले. पक्षनिष्ठेचा अर्थ पक्षाच्या चुकीवर पांघरूण घालणे असा त्यांनी केला नाही.

१४ डिसेंबर २००१ रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने एकमुखाने निर्णय दिला की, प्रायोगिक केंद्रांबाहेर नेव्हिरॅपिन देण्यावरची बंधने विनाविलंब दूर करावीत, वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक तेथे ते उपलब्ध करून द्यावे, आणि तपासणी व सल्ल्याची सोय देशभर वाढवण्यासाठी वाजवी उपाय योजावेत. आरोग्यसेवेच्या हक्काचे राज्यघटनेतील कलम या निर्णयाचा आधार होते. निकालानंतरही चालढकल झाली. मार्च २००३ मध्ये संघटनेने सविनय कायदेभंग आरंभला. ज्या भूमीत १९०६ साली गांधीजींनी सत्याग्रहाचा प्रारंभ केला त्याच भूमीत हे शस्त्र पुन्हा उपसले गेले, आणि त्याच वर्षी सरकारने सर्वांसाठी उपचाराची योजना मान्य केली.

विलंबाची किंमत किती, याचा हिशेब हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली मांडला. २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्याने ३,३०,००० हून अधिक माणसे अकाली मेली आणि ३५,००० बालके बाधित जन्मली, असा त्यांचा अंदाज आहे.

न्यायालयाचा विजय वकिलांमुळे झाला, असे मानणे अपुरे ठरेल. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून वर्ग घेतले. विषाणू म्हणजे काय, तो पेशीत कसा शिरतो, औषध त्याला कोठे अडवते, हे शाळा अर्धवट सोडलेल्या बायकांनी शिकून घेतले आणि इतरांना शिकवले. ‘एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह’ अशी अक्षरे छातीवर मिरवणारे सदरे बाधितांनी आणि अबाधितांनी सारख्याच अभिमानाने घातले. शास्त्र जनतेच्या हाती गेले तेव्हाच ते सत्तेला प्रश्न विचारू शकले.

दुधाचा पेच

आता पाजण्याच्या प्रश्नाकडे वळू या. दुधातून विषाणू जातो, तर दूध तोडावे, हा सल्ला वरवर बिनतोड वाटतो. श्रीमंत देशांनी तो दिला आणि तेथे तो योग्यही होता. दक्षिण आफ्रिकेच्या कार्यक्रमातून बाधित मातांना दुधाची भुकटी मोफत वाटली गेली. पण ती भुकटी कालवायची कोणत्या पाण्यात? उकळायचे कशावर? बाटली धुवायची कशाने? आणि बाटली हाती दिसताच शेजारणी काय ओळखतील? या भीतीने माता दिवसा भुकटी देत आणि रात्री अंगावर पाजत.

नेमकी हीच पद्धत सर्वांत घातक ठरते, हे डर्बन येथे १९९९ साली प्रथम दिसून आले. पुढे क्वाझुलु-नाताल प्रांतात कूवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांच्या तुलनेत, अंगावरच्या दुधाबरोबर घन अन्न दिलेल्या मुलांत लागणीचा धोका सुमारे अकरा पट आढळला. तान्ह्याच्या आतड्याचे अस्तर परक्या अन्नाने दुखावते आणि विषाणूला दार उघडे होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्याच पाहणीत पहिल्या तीन महिन्यांत निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांत ६.१ टक्के, तर निव्वळ वरच्या दुधावरच्या मुलांत १५.१ टक्के मुले दगावली. एका विषाणूपासून वाचवलेले मूल हगवणीच्या आणि फुप्फुसदाहाच्या तोंडी दिले जात होते. शेजारच्या बोत्स्वानात २००६ च्या आरंभी महापुराने पाणी दूषित झाले, हगवणीची साथ आली आणि शेकडो बालके मेली. त्यांत भुकटीवर वाढणाऱ्यांना सर्वाधिक झळ बसली.

अखेर ऑगस्ट २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेने धोरण बदलले, मोफत भुकटी थांबवण्याचे ठरवले आणि मातेला अथवा बालकाला औषधाचे संरक्षण देऊन पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हा मार्ग पत्करला. मूल औषधाच्या संरक्षणाखाली अंगावर पिऊ शकते, हे सिद्ध करण्याच्या कामात पुण्याचाही वाटा आहे. इथिओपिया, युगांडा आणि भारत येथे झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संयुक्त पाहणीत पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. बालकाला सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन दिल्याने सहा आठवड्यांअखेरचे संक्रमण निम्म्यावर आले. सहा महिन्यांपर्यंत मात्र तो लाभ तेवढ्या निश्चितपणे टिकला नाही. म्हणजे पाजणे चालू असेपर्यंत औषधही चालू राहिले पाहिजे.

त्यासाठी मार्ग दाखवला तो मलावी या अतिशय दरिद्री देशाने. सीडी-४ पेशी मोजण्याची यंत्रे खेडोपाडी नाहीत, म्हणून २०११ साली त्याने ठरवले की कोणतीही मोजणी न करता प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला तीन औषधांचा उपचार लगेच सुरू करावा आणि तो आयुष्यभर चालवावा. औषध मुलापुरते न देता मातेलाही वाचवण्यासाठी द्यायचे, हा त्यातला मोठा नैतिक पालट होता. भारताने २०१४ पासून हेच धोरण स्वीकारले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वच बाधितांना तत्काळ उपचाराची शिफारस केली. त्याच वर्षी क्यूबा हा मातेकडून बालकाला होणारे एच.आय.व्ही.चे व उपदंशाचे संक्रमण निर्मूलनाच्या पातळीवर आणणारा पहिला देश म्हणून मान्यता पावला. दक्षिण आफ्रिकेतही २०१० च्या देशव्यापी पाहणीत चार ते आठ आठवड्यांच्या वयातील संक्रमण ३.५ टक्क्यांवर आलेले आढळले आणि २०११ साली ते २.७ टक्के झाले. आता तेथील नव्या बालसंसर्गांचा मोठा भाग स्तनपानाच्या काळात होतो. औषध मध्येच सुटलेली माता आणि प्रसूतीनंतर लागण झालेली माता, या दोघींपर्यंत व्यवस्था पोहोचत नाही, हे त्याचे कारण.

मुंबईतील गोळी आणि महाराष्ट्रातील गाव

या कहाणीचा एक धागा थेट मुंबईत येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिपला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. हे शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधाच्या निर्मितीप्रक्रियेवर पेटंट दिले, खुद्द औषधावर दिले नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनुसार २००५ साली ती तरतूद गेली. तथापि संसदेतील डाव्या पक्षांच्या दबावामुळे जुन्याच औषधाच्या क्षुल्लक फेरफारावर नवे पेटंट रोखणारे ३(ड) हे कलम अधिक कडक झाले. बालकांना द्यावयाच्या नेव्हिरॅपिनच्या पातळ औषधावर पेटंट मागणारा अर्ज बाधितांच्या संघटनांनी हरकत घेतल्यावर २००८ साली भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. कायद्याच्या एका पोटकलमाचा संबंध तान्ह्या मुलाच्या तोंडात पडणाऱ्या थेंबाशी असा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांची दारे बंद झाली. दक्षिण आफ्रिकेत सल्लागार सेविकांच्या नोकऱ्या गेल्या, पण औषधांची खरेदी मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून होत असल्याने गोळ्या बंद पडल्या नाहीत. दानावर उभी राहिलेली व्यवस्था दात्याच्या लहरीवर कोसळते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यासमोर यातून काही नेमकी कामे उभी राहतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी गरोदर स्त्री कोणत्या गावच्या नोंदवहीत असते? तिची तपासणी गावी होते की फडावर, आणि औषध चालू असेल तर सहा महिन्यांच्या मुक्कामात ते तिला कोठे मिळते? पहिली तपासणी निर्दोष ठरलेल्या स्त्रीची गरोदरपणात पुढे आणि पाजत असताना पुन्हा तपासणी होते का? पतीची तपासणी होते का? हे प्रश्न प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारले गेले पाहिजेत. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने संमतीविना तपासणी, गुप्ततेचा भंग आणि बाधितांबाबत भेदभाव यांना मनाई केली आहे. बाधित स्त्रीला बाळंतपणासाठी दारातून परत पाठवले गेले तर तिच्याबरोबर उभे राहून हा कायदा वापरणे, हे तालुका शाखेचे काम आहे. तान्ह्याला मध, साखरपाणी आणि बाळगुटी चाटवण्याची चाल घराघरात आहे. बाधित मातेच्या मुलाला तिचा धोका दुहेरी आहे, आणि ही गोष्ट सासूला समजावून सांगणारी आशा कार्यकर्ती वेतनावर नव्हे तर मानधनावर राबते. तिच्या वेतनाचा लढा आणि बालकाच्या जिवाचा लढा वेगवेगळे मानता येणार नाहीत.

सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, असे मजूर स्त्रीला सांगणारे शासन तिला सहा महिन्यांची मजुरी देते काय, हाही प्रश्न याच यादीतला आहे. दारिद्र्याचा मुद्दा खऱ्या अर्थाने मांडायचा तो येथे. गोळी आज मिळाली पाहिजे, आणि ती घेणाऱ्या स्त्रीला पाणी, रजा व मजुरीही मिळाली पाहिजे. यांतील एक मागणी पुढे करून दुसरी मागे ढकलणारा, मग तो कोणत्याही पक्षाचा आणि कितीही जुना सैनिक असो, बालकाच्या बाजूने उभा नाही, हे दक्षिण आफ्रिकेच्या कामगारांनी आणि मातांनी आपल्याच सरकारला सांगितले. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला ते सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढी दक्षता तिच्या कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे.